नळकोंडाळे कुठे बांधायचे?

नमस्कार, श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : इंजिनिअरिंग की आर्ट्स? ज्याला गणित जमते त्याने इंजिनिअरिंगला जावे आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी कला शाखा आहेच, असे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. पाणीपुरवठ्याच्या कामात सारी नोकरी घालवलेला एक स्थापत्य अभियंता म्हणून मला आज या गृहीतकाविषयी बोलायचे आहे.

नोकरीच्या सुरुवातीला जिल्ह्यातल्या एका गावाची नळयोजना माझ्याकडे आली. जमिनीच्या पातळ्या, नळीचा व्यास, घर्षणामुळे कमी होणारा दाब हे सारे हिशेब मी दोनदा तपासले आणि जिथे दाब सर्वांत चांगला मिळत होता तिथे, म्हणजे चावडीसमोर, नळकोंडाळे बांधून घेतले. पहिल्याच दिवशी पाणी धो धो आले. महिन्याभराने पाहणीला गेलो, तेव्हा गावातल्या लेकी-सुना पूर्वीसारख्याच ओढ्याकाठच्या विहिरीकडे निघालेल्या दिसल्या. चावडीच्या कट्ट्यावर दिवसभर वडीलधारी पुरुष मंडळी बसत आणि त्यांच्यादेखत वाकून हंडे भरणे त्या बायकांना नको वाटत होते. एक आजी मला म्हणाल्या, "सायेब, जागा आधी आमाला इचारायची व्हती." माझी आकडेमोड बरोबर होती, पण गावात पाणी कोण भरते, हे मी कुणाला विचारलेच नव्हते. असे प्रश्न विचारायला समाजशास्त्र शिकवते, आणि पदवीच्या सर्व वर्षांत त्याचे एक पानही मला वाचावे लागले नव्हते.

'लिबरल आर्ट्स' म्हणजे केवळ कथा-कविता, हा समजही दूर करायला हवा. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत या नावाखाली व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्या जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र शिकवले जात असे. भूमिती आणि तर्क एकाच विद्यार्थ्याने शिकायचे, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हते.

आपल्याजवळचे उदाहरण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे आहे. त्यांनी १८८१ मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. केले आणि त्यानंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येऊन १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा दिली. पुढे मुंबई इलाख्यात त्यांनी पाटपाण्याची ब्लॉक पद्धत मांडली, तिचा हेतू पाटाचे पाणी थोड्या बागायतदारांच्या उसात न अडकता अधिक गावांपर्यंत पोचावे हा होता. बी. ए. केल्यामुळेच त्यांना ती सुचली, असे मी म्हणणार नाही. पण पाणी कुणाला द्यायचे हा प्रश्न न्यायाचा आणि अर्थकारणाचाही आहे, हे उजनीच्या कालव्याखाली शेती करणाऱ्या श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत यासाठी एक रुळलेली वाट आहे. तीन वर्षे लिबरल आर्ट्सच्या महाविद्यालयात आणि दोन वर्षे अभियांत्रिकीत काढून विद्यार्थी पाच वर्षांत दोन पदव्या घेतो. कोलंबिया विद्यापीठात अशी सोय आहे. तिथल्याच एमआयटीसारख्या तंत्रज्ञान संस्थेत तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रे यांतले आठ विषय पूर्ण करावेच लागतात. आपल्याकडे आयआयटींमध्ये मानव्यविद्यांचे विभाग आहेत, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आहे आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक या विषयांना दिले आहेत, ज्यांत व्यवस्थापनही आले. हे बारा मला फार थोडे वाटतात. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे पुष्कळ मुले हे पेपर परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून देतात आणि घरीदारी कुणालाच त्यात वावगे वाटत नाही.

ज्यांना याहून अधिक शिकायचे आहे, त्यांच्यासाठी २०२२ पासून दार उघडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली असून त्यांतली एक दूरशिक्षणाने करता येते. तेव्हा दिवसा अभियांत्रिकीचे वर्ग करून इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून घेण्याचा विचार करता येईल. मात्र अर्ज भरण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाचे आणि संबंधित परिषदेचे नियम नीट विचारून घ्यावेत. प्रॅक्टिकल, जर्नल आणि सबमिशन सांभाळून हे करणे सोपे नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. ज्याला दुसरी पदवी झेपणार नाही, त्याने एकच विषय निवडावा आणि तो तीन-चार वर्षे सोडू नये.

तो विषय भाषाही असू शकतो. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू रोज कानावर पडतात, पण इंजिनिअर होणारी आपली मुले त्यांतली शेजारची भाषा क्वचितच शिकतात. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एखादा गट पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज मोजायला जाणार असेल, तर त्यातल्या एकाला तरी मीटर सुरू करण्याआधी पाळीभर मागापाशी उभ्या असणाऱ्या कामगाराला त्याच्या तेलुगूत विचारता यावे, की घरी गेल्यावर लेकरांचे बोलणे त्याला नीट ऐकू येते का.