रूपचंदाच्या दाढा

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. पण वाटेत आमच्या स्वयंपाकघरात जरा थांबावं लागेल.

पाच-सहा वर्षं झाली. सासूबाई मालवणहून पुण्याला आल्या होत्या. त्यांना खूश करावं म्हणून मी सकाळीच बाजार गाठला. "पापलेट घ्या साहेब, स्वस्तात लावतो," म्हणणाऱ्याकडून दोन मासे घेऊन आलो. चपटे, रुपेरी, पोटाकडे तांबूस झाक. त्या तांबूस झाकेवरूनच मला कळायला हवं होतं. सासूबाईंनी पिशवीत डोकावलं, बोलल्या काही नाहीत. एक मासा ताटात काढला, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ दाबला आणि हाक मारली, "जावयबापू, हंय येवा."

श्रोतेहो, माशाच्या तोंडात दात होते. सुळे नव्हेत, काटे नव्हेत. आपल्या पुढच्या दातांसारखे चौकोनी, रुंद. वरच्या जबड्यात तर एकामागे एक दोन ओळी.

"तुमका फसवल्यान. ह्यां पापलेट न्हय."

तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ही गोष्ट मी सांगत बसलो नसतो. बैल घेताना चाचपतात तसे त्यांनी दात चाचपले, तळहाताएवढा मासा उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "ह्यो मासे फाडून खाणारो न्हय. ह्यो काय तरी फोडून खाता. बियो."

शिक्षण सातवीपर्यंत, आणि निदान अचूक! तो होता रूपचंद. आपल्याकडे तळ्यांत पाळतात तो. मूळचा ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. कूळ पिरान्हाचंच, पण हा फळं खाणारा आणि बिया फोडणारा.

कालवण मात्र बेताचंच झालं. त्यात तिरफळं घालायचा हट्ट माझा होता. तिरफळ शोभतं बांगड्याला. गोड्या पाण्यातल्या माशाला आलं-लसणाचं झणझणीत वाटण हवं, आणि तेही पाट्यावरचं. मिक्सरमधून निघतो तो लगदा, त्याला मी वाटण म्हणत नाही. असो.

तर मासा फळं खातो कशी? झाडावर चढतो? नाही. झाडाशी पाणीच जातं. हे नीट ऐका. तिथे दरवर्षी नदी जंगलात शिरते. मानाउस शहराजवळ उन्हाळी पातळीपेक्षा पाणी साधारण १० मीटर चढतं, म्हणजे तीन मजले. आपल्यासारखा चार दिवसांत ओसरणारा हा पूर नव्हे, महिनोन्‌महिने मुक्काम. खोडं पाण्यात, काही झाडांचे तर शेंडेही पाण्यात. आणि कितीतरी झाडांची फळं नेमकी याच दिवसांत पिकतात. नदी जंगलात शिरते आणि नदीमागून मासा शिरतो.

रूपचंदाचा थोरला भाऊबंद म्हणजे तांबाकी. मीटरभर लांब, वजन ३० किलोपर्यंत. रबराच्या झाडाची सुपारीसारखी टणक बी तो दाढेखाली कडकन फोडतो. पुराच्या दिवसांत खाऊन चरबी साठवायची आणि पाणी ओसरलं की नदीत परतून तिच्यावर दिवस काढायचे. जंगलात साचलेल्या पुराच्या पाण्यात प्राणवायू कमी पडला, तर काही तासांत त्याचा खालचा ओठ सुजतो, पन्हाळीसारखा पुढे येतो आणि वरवरचं पाणी कल्ल्यांकडे ओढतो. पाणी सुधारलं की ओठ पुन्हा पहिल्यासारखा.

आता सगळ्याच बिया काही फुटत नाहीत. बारीक बिया तशाच पोटातून जातात आणि दूर कुठेतरी पडतात. पेरू देशात, फळाचं म्हणत नाही मी, तांबाकीचा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा अंदाज असा, की काही बिया पाच किलोमीटरच्याही पुढे पोचत असाव्यात. मासा जितका मोठा, तितक्या बिया जास्त. आणि जाळ्यात आधी हवे असतात ते मोठेच.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात माशांच्या २,४०० च्या वर जाती नोंदल्या आहेत. आपल्या अख्ख्या देशातल्या गोड्या पाण्यात हजाराच्या आसपास. पण आकड्यांपेक्षा मला तिथल्या कोळ्यांची गंमत वाटते. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला गोळा. त्याला म्हणतात गापोंगा. होडी झाडाखाली लावायची आणि गोळा पाण्यावर आपटायचा. टुप्प. थोडं थांबायचं. टुप्प. खाली तांबाकीला वाटतं, फळ पडलं. तो वर येतो, आणि तिथे गळ तयारच असतो.

हे सगळं मी नंतर वाचून सासूबाईंना फोनवर सांगितलं. गापोंग्याचा आवाजही तोंडाने काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपण हाडलंलो, तेका तळ्यात काय घालीत?"

म्हटलं, पेंड आणि कोंडा.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "म्हंजे तेणा जल्मात एक जांभूळ खाल्ल्यान नाय."

नमस्कार.