खून कुणी केला हे गल्लीला माहीत असतं

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिताना इथल्या ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं, "नुआर म्हणजे डिटेक्टिव्ह कथाच ना? मग तेच लिहिते, लोकांना कळेल तरी." मी त्यांना नुआरच लिहायला सांगितलं, पण प्रश्न अगदी रास्त होता. तिथूनच सुरुवात करतो.

नुआर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनाने मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली गुन्हेगारी कादंबऱ्यांची 'सेरी नुआर' ही माला सुरू केली. पुढच्याच वर्षी फ्रेंच समीक्षकांनी एका धाटणीच्या अमेरिकन सिनेमांना 'फिल्म नुआर' म्हणायला सुरुवात केली. शब्दाची कुळकथा एवढी पुरे.

डिटेक्टिव्ह कथेत कुणीतरी बाहेरून येतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतला झुंजार किंवा काळापहाड पानावर आला की वाचणाऱ्याच्या जिवात जीव येई. आता गुंता सुटणार. मी त्यांच्यावरच वाचायला शिकलो, ते ऋण मी विसरलेलो नाही. नुआरमध्ये मात्र सोडवायला कुणी येत नाही. मारणारा, मरणारा, बघणारा आणि बघून न बघितल्यासारखं करणारा, सगळे एकाच वस्तीतले. खून कुणी केला, हे तिथे बहुतेकांना ठाऊक असतं. अडचण असते ती दुसऱ्या दिवशीची. हे माहीत असताना सकाळी नळावर एकमेकांच्या शेजारी उभं कसं राहायचं?

मी गिरणगावातल्या चाळीत वाढलो. नऊ-दहा वर्षांचा असताना एका रात्री आमच्या जिन्याखाली एका तरुण पोराला भोसकलं गेलं. चाळीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. दार लागलेलं दिसलं की घरात कुणी आजारी तरी आहे किंवा भांडण तरी झालंय, असं समजायचं. त्या सकाळी पोलीस वर आले तेव्हा आमच्या मजल्यावरच्या वीसच्या वीस खोल्यांची दारं बंद होती. आईने मला आत ओढलं, कडी घातली आणि ती स्टोव्हला पंप मारत बसली. स्टोव्हवर भांडंसुद्धा नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी धरून चाललो होतो की कुणी काही पाहिलंच नसेल, म्हणून कुणी बोललं नाही. न पाहिल्यामुळे वीस दारं एकदम लागत नाहीत, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली, आणि ते कळलं एका परक्या शहरातल्या कथा वाचताना.

ते शहर न्यूयॉर्क आणि ते पुस्तक 'ब्रुकलिन नुआर'. ब्रुकलिनमध्येच असलेल्या अकाशिक बुक्स या छोट्या प्रकाशनाने ते २००४ मध्ये काढलं, संपादक टिम मॅक्लॉक्लिन. प्रकाशन चालवणारे जॉनी टेम्पल मूळचे रॉक बँडमधले बासवादक. त्यांनी नियम अगदी साधा ठेवला. सगळ्या कथा नव्या हव्यात आणि प्रत्येक कथा वेगळ्या वस्तीत घडायला हवी. अनुक्रमणिकेत कथेसोबत वस्तीचं नाव येतं. सुरुवातीला शहराचा नकाशा असतो आणि त्यावर प्रत्येक कथेच्या जागी जमिनीवर पडलेल्या देहाची छोटी आकृती. या एका नियमातून पुढे शंभराहून अधिक पुस्तकांची माला उभी राहिली: हवाना, इस्तंबूल, लागोस, नैरोबी, बगदाद. 'हैती'चं संपादन एडविज डँटिकॅट यांनी केलं, 'बॉस्टन'चं डेनिस लेहेन यांनी. म्हणजे त्या त्या मातीशी नातं असलेल्या लेखकाच्या हातात किल्ली द्यायची, ही पद्धत.

'ब्रुकलिन नुआर'मधली पर्ल एब्रहॅम यांची कथा विल्यम्सबर्गमधल्या हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या समाजात घडते. तिथे तपास करणारा माणूस त्याच समाजातला आहे. त्यांची प्रार्थना, त्यांचे सोयरसंबंध, त्यांची बोलण्याआधी थांबायची सवय, सगळं त्याला आतून माहीत. सत्य सापडलं तर ते आपल्याच माणसांच्या अंगावर जाणार, हेही माहीत. खाजगी गुप्तहेरांच्या कथांसाठी असलेला शेमस पुरस्कार या कथेला मिळाला, याचा मला फार आनंद वाटतो. कारण 'हेर बाहेरचा असतो' ही जुनी समजूतच तिने मोडली आहे. ती वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला आमची वीस दारं आठवली.

२००९ मध्ये या मालेत दिल्ली आली आणि २०१२ मध्ये मुंबई. 'मुंबई नुआर'चे संपादक अल्ताफ टायरवाला. कथा चौदा, सगळ्या इंग्रजीत. जेरी पिंटो, ॲनी झैदी, सोनिया फलेरो, पारोमिता व्होरा असे लेखक त्यात आहेत. मीरा रोडपासून नागपाड्यापर्यंत पुस्तक हिंडतं. मला ते आवडलं, आणि तरी वाचून झाल्यावर भूक राहिली. चौदा वस्त्यांच्या वेशीवर आपण जातो, प्रत्येक ठिकाणी एक प्रेत पाहतो आणि पुढची लोकल पकडतो. दुसऱ्यांदा त्याच गल्लीत जायची संधी मिळत नाही. दुसऱ्यांदा गेल्याशिवाय गल्ली काही सांगत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. एकच वस्ती घ्या आणि चौदा जणांना तिथेच बसवा. पहिल्या कथेत जो पानवाला नुसता सुटे पैसे परत देतो, त्याने सहाव्या कथेत खोटी साक्ष द्यावी आणि अकराव्या कथेत त्याच्या मुलीचं लग्न असावं. आधीच्या कथेतलं मौन पुढच्या लेखकाला वारशात मिळावं. हे एका लेखकाने मराठीत पूर्वीच करून पाहिलंय. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ चा. एक नाका, तिथली पोरं, त्यांचीच भाषा. त्यावर केवढा गदारोळ झाला, आचार्य अत्रे किती तुटून पडले, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांनी तर कवितासंग्रहालाच वस्तीचं नाव दिलं, 'गोलपिठा'. नाका आणि वस्ती म्हणजे नुसती पार्श्वभूमी नव्हे, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. नाही ते इतकंच, की चौदा हातांनी एकाच नाक्यावर लिहिलेलं पुस्तक.

कुठली वस्ती, तर मी अर्थातच गिरणगाव म्हणेन. लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड. उघडउघड रक्ताच्या घटना तिथे कमी नाहीत. ५ जून १९७० रोजी आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. ७ मे १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ गोळ्या घातल्या गेल्या. पण संपादकाने या घटनांवर थेट कथा मागू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. त्या वर्तमानपत्रांनी लिहून झाल्या आहेत. कथा शेजारच्या खोलीत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. आता एक खानावळवाली बाई डोळ्यांसमोर आणा. गावाकडून आलेले एकटे पुरुष एका खोलीत पाळ्या लावून झोपत आणि जेवायला अशा बायकांकडे येत. पगार झाला की महिन्याचे पैसे. संपाच्या तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे पंधरा माणसं उधारीवर जेवताहेत. वाणी तिला डाळ देईना. त्या पंधरांपैकी एक जण रातपाळीला चोरून कामावर जातोय, त्याच्या खिशात पैसे आहेत आणि ते तिला एकटीलाच ठाऊक आहे. त्याचं नाव तिने कुणाला सांगायचं की नाही? कुणी काही केलेलं नाही अजून. फक्त वाढायची वेळ झाली आहे. इथे नुआर सुरू होतं.

किंवा दुसरी कथा घ्या, हिच्यात तर रक्ताचा थेंब नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. ढोबळ मानाने सांगायचं तर विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन हिस्से: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये ते कलम बदललं. त्यानंतर वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारती उभ्या असलेल्या जमिनीची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? शहराच्या आणि घरांच्या वाट्याला येणारी जागा आक्रसून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कायद्याच्या लेखी कुठलाही गुन्हा घडलेला नाही. मग मला असा एक कारकून हवा आहे, ज्याने त्या मसुद्याची टंकलिखित प्रत तयार केली. तो राहतो चिंचपोकळीला. त्याचे वडील साचेखात्यात होते. त्याने ती ओळ वाचली, त्याला ती कळली, आणि संध्याकाळी तो घरी येऊन जेवला. मराठीत ही कथा मला वाचायची आहे.

भाषेबद्दल एकच सांगतो. गिरणगावात मालवणी आहे, घाटावरची मराठी आहे, भैया लोकांची हिंदी आहे, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत. 'साचेखातं', 'बदलीवाला', 'भोंगा' हे शब्द तळटीप न देता यायला हवेत. ज्यांना ते कळणार नाहीत, त्यांना वस्तीत नवख्या माणसाला जसं सगळं हळूहळू कळतं, तसं कळू दे. आणि मॉलच्या चकचकीत काचेसमोर म्हातारा कामगार उभा आहे, हे चित्र कृपा करून कुणी काढू नका. ते इतक्या वेळा काढून झालंय की त्यातला म्हातारा दिसेनासा झाला आहे.

शेवटी नकाशा. अकाशिकच्या पुस्तकांत तो अख्ख्या शहराचा असतो. आपल्या पुस्तकात तो चाळीच्या एका मजल्याचा असावा. मधोमध जिना, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, लांबलचक गॅलरी, टोकाला नळ आणि मोरी. डाव्या हाताला जिन्यापासून चौथी खोली आमची. संपादकाने तिथे खूण करावी. कडी आईने घातली होती, आणि ती कथा मी लिहायला घेतली आहे.