दाराच्या पोटातली काच

[पाऊस. ओला रस्ता. काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं गाडीचं दार.]

ठाणे, वागळे इस्टेट. जुलै महिना. एमएच ०४ पासिंगची, २००७ सालची गाडी. तीन दिवसांपूर्वी हँडल फिरवताना दारात खट्‌कन आवाज झाला आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली, ती वर आलीच नाही. एका वर्कशॉपने काच वर-खाली करणारं मशीन आणि काच दोन्ही बदलायला सांगितलं. या मॉडेलची काच मिळेल का, ते मात्र कुणी सांगेना.

[मेकॅनिक काकांचा हात हँडलवर. कान दाराला. शेजारी गाडीच्या मालकीणबाई.]

"वहिनी, मशीन ठीक आहे. काच पट्टीतून सुटलीय."

मशीनचे दाते झिजले असते, तर हँडल नुसतं गरगर फिरत राहिलं असतं. इथे ते दोन्ही टोकांना जाऊन अडतंय. म्हणजे काचेला उचलणारी लोखंडी पट्टी आत वर-खाली होतेय, फक्त काच तिच्यात बसलेली नाही.

[फडकं.]

आता हे फडकं बघा. हँडल आणि दाराचं पॅड यांच्यामधल्या फटीत ते घालायचं, दोन्ही टोकं धरायची आणि बुटाला पॉलिश करतात तसं इकडून तिकडे ओढायचं. हँडलच्या मागे नालाच्या आकाराची एक बारीक तारेची क्लिप असते. फडक्याचे धागे तिच्यात अडकतात आणि… टिण्ण. फरशीवर पडलेल्या क्लिपवर काकांच्या हाताखालच्या पोराने लगेच पाय ठेवलाय. हेच काम स्क्रू ड्रायव्हरने केलं असतं, तर पॅड फाटलं असतं.

पॅडच्या क्लिपा एकेक करून सुटतात. मागे प्लास्टिकचा कागद. काका तो नखाने सावकाश सोडवतात आणि आरशावर टांगून ठेवतात. काचेच्या कडेने दारात पाणी शिरतंच, ते शिरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. खालच्या भोकांतून ते बाहेर पडतं, आणि तोवर हा कागद त्याला गाडीच्या आत येऊ देत नाही. पुष्कळ ठिकाणी तो फाडून फेकतात. मग पायाखालचं मॅटिंग ओलं का राहतं, हे वर्षभर कुणाला कळत नाही.

[टॉर्चचा उजेड दारात.]

काच तळाशी तिरकी पडलीय. फुटलेली नाही.

या काचेची किंमत दुकानात समजत नाही. दाराची काच टेम्पर केलेली असते. आधी तिला आकार देतात, मग ६०० अंशांच्या वर तापवून झटक्यात थंड करतात. त्यानंतर ती कापता येत नाही, घासून बारीक करता येत नाही. कडेला लोखंड जोरात लागलं, तर सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी विखुरते. दुसऱ्या गाडीची काच कापून इथे बसवू म्हटलं, तर तेही होत नाही. म्हणून जी आहे, ती वाचवायची.

[काच दोन्ही तळव्यांवर, तिरकी करून बाहेर.]

गोधडीवर उलटी ठेवलेली काच. खालच्या कडेला पट्टीची जुनी खूण दिसतेय, तिथे मार्करने दोन रेघा. पट्टी तेवढ्यातच बसली पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झाली, तर काच वाकडी चढेल आणि रबरात अडकेल.

पट्टीतलं जुनं रबर बोटांत धरलं तरी भुगा होतोय. सगळा बिघाड एवढाच. पॉलिश पेपरने गंज काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वाळवला. नवी रबरपट्टी काचेच्या कडेवर दुमडून, साबणाचं पाणी लावून, वरून लोखंडी पट्टी. लाकडी हातोडीने टक, टक, टक. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पुन्हा मागे. हे काम पंचवीस मिनिटं चाललं. आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

[दाराच्या खालच्या भोकात तार.]

काच बसवायच्या आधी तळाची भोकं मोकळी केली. चिखल, पिंपळाचं पान, आणि मग पाण्याची धार.

पट्टीच्या खाचेत मशीनचा रोलर, त्याला ग्रीसचं एक बोट. काचेच्या रबराला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, रबर फुगतं. तिथे सिलिकॉन स्प्रे. कागद पुन्हा चिकटवला. पॅड. हँडल. क्लिप अंगठ्याने आत.

"वहिनी, आता तुम्ही फिरवा."

[काच वर चढते. आवाज फक्त पावसाचा.]

तीन दिवस वहिनी बसने कामावर जात होत्या. गाडीचं १५ वर्षांनंतरचं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, ५ वर्षांचंच असतं. पुढच्या पासिंगलाही ही गाडी न्यायची, असं त्यांनी ठरवलंय.

[प्लास्टिकचा चोळामोळा कचऱ्याच्या डब्यात. गाडी तीन हात नाक्याकडे वळते, काच पूर्ण बंद.]