स्कॅगिटची चढण

[पहाट. नदीवर धुकं. पाण्यातल्या गोट्यांवरून जपून टाकलेल्या पावलांचा आवाज.]

मार्च महिना, सकाळचे साडेसहा. पाणी पाच अंशांवर आहे आणि हवा त्याहून गार. मासे गरवायच्या काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरतोय. दर चार-पाच फेकींनंतर तो नखानं काढायचा, बोटं काखेत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा दोरी टाकायची.

ही स्कॅगिट. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली, सिॲटलच्या उत्तरेला. उगम कॅनडात, मग कॅस्केडच्या डोंगरांतून वाट काढत पुजेट साउंड या समुद्राच्या खाडीला मिळते. आपण उभे आहोत रॉकपोर्टला, सॉक नदी हिला येऊन मिळते तिथे. स्कॅगिटवर वरच्या अंगाला तीन धरणं आहेत: रॉस, डायाब्लो आणि गॉर्ज. सॉकवर एकही नाही. ती ग्लेशियर पीक या शिखरावरच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन मोकळी येते. डोंगरात जोराचा पाऊस झाला की गढूळते, आणि तिच्यापायी संगमाखालची नदीही गढूळते. मग पाणी निवळेपर्यंत घरी बसायचं. आज निवळलंय. हिरवट झाक, गुडघ्याइतक्या पाण्यात बुटांचं टोक दिसेल इतपत स्वच्छ. स्टीलहेड हा मासा गरवणारे या रंगाची आठवडा आठवडा वाट बघतात.

कोकणातल्या माणसाला चढणीचे मासे सांगावे लागत नाहीत. पहिला पाऊस कोसळला की ओढ्याला लाल पाणी येतं आणि मासे प्रवाहाच्या उलट, शेताच्या बांधापर्यंत चढून येतात. स्कॅगिटवरची चढण त्याच जातीची, फक्त हिची सुरुवात पॅसिफिक महासागरातून होते.

[पाण्याखालचं दृश्य. गोट्यांच्या आडोशाला धरून राहिलेला एक मोठा, रुपेरी मासा.]

स्टीलहेड. डोक्याची पाठ निळसर पोलादी दिसते, त्यावरून हे नाव. मनालीला फिरायला गेलेल्यांनी कधी ना कधी ताटात रेनबो ट्राउट घेतला असेल. इंग्रजांच्या काळात ट्राउट आपल्या डोंगरी नद्यांत आणले गेले, त्यातलाच तो. स्टीलहेड आणि तो रेनबो ट्राउट, दोन्ही एकच. ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. एकाच नदीत जन्मलेली पिल्लं. काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात आणि हातभर होतात. काही दोनेक वर्षं नदीत काढून समुद्राची वाट धरतात, आणि दोन-तीन वर्षांनी परततात तेव्हा चार-पाच किलोंची झालेली असतात. कधी नऊ किलोंच्याही वर. स्कॅगिटचं नाव झालं ते या मोठ्या माशांमुळे.

उन्हाळ्यात नदीत शिरणारे स्टीलहेड वेगळे. ते कोवळेच येतात आणि विणीआधी महिनोन्‌महिने नदीत काढतात. हिवाळी मासा येतो तो पिकलेला, अंड्यांनी नाहीतर वीर्यानं भरलेला. त्याला काही आठवड्यांतच खडीत घरटं करायचं असतं. म्हणून तो जड असतो. आणि इतक्या थंड पाण्यात फार हलतही नाही. माशी, म्हणजे पिसांचं खोटं आमिष, त्याच्या नाकासमोरून, सावकाश न्यावी लागते.

[जवळून: तळहातावर ठेवलेली एक माशी.]

ही बघा. आपण माशी म्हणतोय, पण ही बोटाएवढी लांब आहे. काळी आणि गुलाबी, शहामृगाची लांब पिसं, मध्ये दोन चमकत्या तारा. गळ मागे, लहानसा, एका दोऱ्याला बांधलेला. हिला इंट्रूडर म्हणतात. एड वॉर्ड, जेरी फ्रेंच आणि स्कॉट हॉवेल यांनी 1990च्या दशकात ही घडवली. कोरडी असताना पिसांचा झुपका वाटते. पाण्यात बुडवा. पिसं श्वास घेतल्यासारखी उघडमीट करतात, आणि कोळंबी की छोटं माकूळ, असा संभ्रम पडतो. नदीत शिरल्यावर स्टीलहेड फारसं खात नाही. तरी ही चावतो. रागानं, की समुद्रातल्या सवयीनं, यावर काठावरच्या प्रत्येकाचं मत वेगळं. मी सवयीच्या बाजूचा.

एवढी ओली, जड माशी आणि तिच्यापुढे बुडणारी दहा फुटी दोरी फेकायची कशी? पाठीमागे जागाच नाही. काठापर्यंत आल्डर आणि सीडरची झाडं. दोरी मागे भिरकावली की फांदीत गेलीच. त्यावर उत्तर स्कॉटलंडच्या स्पे नदीवर फार पूर्वी सापडलं होतं: दोन हातांनी धरायची तेरा-चौदा फुटी काठी, आणि दोरी मागे न पसरता मारायची फेक. इथल्या लोकांनी ती घेतली आणि आपल्या नदीसारखी करून टाकली. दोरीचा पुढचा भाग आखूड केला आणि जाड केला. आज जगभर त्या पद्धतीला स्कॅगिटच म्हणतात.

[संथ गतीत एक फेक.]

हात बघू नका, दोरी बघा. माशी आणि दोरीचं टोक पाण्यावरच आहे, आणि पाण्यानं त्याला धरून ठेवलंय. काठी मागे वळते, दोरीचं एक पोट हवेत तयार होतं, पण टोक पाणी सोडत नाही. त्या पकडीमुळेच काठी वाकते. आता खालचा हात आपल्या पोटाकडे ओढायचा. वरचा हात फक्त दिशा देतो. नवशिका वरच्या हातानं ढकलतो आणि दोरीचा गुंता पायाशी पडतो. माझे पहिले दोन हिवाळे त्यातच गेले.

माशी पलीकडे, थोडी खालच्या अंगाला पडली. दोरी एकदा वरच्या बाजूला उलटवली, माशी खाली बुडायला वेळ दिला. मग काठी स्थिर. प्रवाहच माशीला ओढत पात्रातून आडवी आणतो, काठाजवळ येऊन ती लोंबकळते. दोन पावलं खाली. पुन्हा फेक. माणसाच्या चालीनं वाहणारं, छातीएवढं खोल पाणी असेल तिथे हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

इंग्रजीत याला हजार फेकींचा मासा म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फार नाही.

[काठावरच्या उघड्या कॉटनवुडच्या झाडावर बसलेला गरुड.]

पूर्वी फेकी कमी लागत. मग जंगलं तुटली, डोंगरउतारांची माती नदीत आली, उपनद्यांच्या वाटा अडल्या. नदीतून निघालेली बरीच पिल्लं मोकळा समुद्र गाठण्याआधीच, पुजेट साउंडच्या आतच मरतात. सीलचा त्यात वाटा आहे. 2007 साली पुजेट साउंडचे स्टीलहेड संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आले. 2010 साली स्कॅगिटवरची वसंतातली गरवण्याची परवानगीही बंद झाली. म्हणजे पकडून सोडून देण्याचीसुद्धा.

त्या बंदीच्या वर्षांत काही गरवणारे इथेच, रॉकपोर्टला जमत. गळ नसलेल्या माश्या बांधून दिवसभर दोरी टाकत. मासा लागायचा नव्हताच. नदीत उभं राहणारं कोणी उरलं नाही तर तिच्या बाजूनं बोलणारंही कोणी उरणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. 2018च्या एप्रिलमध्ये परवानगी थोड्या दिवसांसाठी परत मिळाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात आधी अंदाज बांधला जातो की किती मासे चढतील. त्यावर हंगाम उघडायचा की नाही ते ठरतं. हे एकटं राज्य ठरवत नाही. अप्पर स्कॅगिट, सॉक-सूॲटल आणि स्विनोमिश या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांचा या माशांवर हक्क आहे. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855च्या तहातला, आणि न्यायाधीश बोल्ट यांच्या 1974च्या निकालानं पक्का झालेला. आपण इथे उभे आहोत ते त्यांच्या नदीत.

[दुपार. ढग उतरलेले. पुन्हा फेक.]

तीन दिवस चित्रीकरण झालं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास माशी पात्राच्या मध्यावर असताना दोरी थांबली. झटका नाही. कोणी तरी दोरीवर हात ठेवावा तशी थांबली, आणि मग रिळातून एक वीत सरकली.

इथे काही करायचं नाही, हेच सगळ्यात अवघड. लहानपणी ओढ्यावर गरी टाकणाऱ्या हाताला एकच ठाऊक: हिसका बसला की काठी वर. माझा इथला पहिला मासा मी असाच घालवला. काठी उचलली आणि माशी त्याच्या तोंडातून सरळ बाहेर आली. स्टीलहेड माशी घेऊन वळतो. तो वळेपर्यंत दम धरायचा. वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

एक वीत. दोन हात. मग रीळ किंचाळलं.

[रिळाचा आवाज. मासा पाण्याबाहेर उसळतो.]

वीस मिनिटं लागली. दोनदा संगमाकडे गेली, दोनदा परत आणली. होय, मादी होती. पोट भरलेलं, अंगावर समुद्राची चांदी अजून ताजी, गालावर गुलाबी छटा नुकती उमटायला लागलेली. पाठीवरचा मागचा छोटा मेदपर शाबूत. हॅचरीतल्या, म्हणजे माणसांनी टाक्यांत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून सोडतात. हिचा होता, म्हणजे नदीचीच. काठीवर आधीच केलेल्या खुणेशी लावून पाहिली, तर नव्वद सेंटिमीटरच्या वर. पाण्याबाहेर काढायची नाही, असा नियम आहे. गळाला उलटा काटा नाही, त्यामुळे दोन बोटांनी फिरवताच तो सुटला.

सामनसारखा हा मासा विणीनंतर हमखास मरत नाही. खडीत शेपटीनं खड्डा करून अंडी घातली की वाळलेल्या अंगानं काही मासे पुन्हा समुद्राकडे निघतात, आणि एखादा आणखी एकदा चढून येतो. असे परतणारे बहुतेक माद्याच. सोडून देण्याला इथे असा रोकडा अर्थ आहे.

तिचं तोंड धारेकडे करून शेपटीच्या मुळाशी धरून ठेवलं. कल्ले उघडमीट होत होते. मुठीत न मावणारं ते मूळ हळूहळू ताठ झालं. तिनं एकदा जोर लावून पाहिला, मी हात सैल केला, आणि बाही कोपरापर्यंत भिजवून ती गेली. सॉकच्या बाजूला.

दिवसाचे अजून चार तास उरले होते. मी दोरी गुंडाळली.