ढाक्याचं शुल्क, काटोलचा भाव

(दृश्य : नागपूरचा कळमना बाजार, संत्र्यांचे ढीग, लिलाव)

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड. या पट्ट्यातल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशानं 2019 नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत चौपटीच्या वर नेलं. तिकडे जाणारा माल इथेच अडकला आणि आंबिया बहाराचे, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडणीला येणाऱ्या संत्र्याचे, भाव कोसळले. परराष्ट्र धोरण विदर्भातल्या शेतकऱ्याला भेटतं ते असं.

हे धोरण ठरवतं सरकारच. पण त्यामागचा बराच विचार मंत्रालयाबाहेर होतो, थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थांमध्ये.

(दृश्य : दिल्लीचा पुराना किला, जुनी छायाचित्रं)

मार्च 1947. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. तरीही आशियाभरचे प्रतिनिधी दिल्लीत जमले, आशियाई संबंध परिषदेसाठी. ती भरवली होती 1943 साली स्थापन झालेल्या ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ या बिनसरकारी संस्थेनं. आजही हे वाचताना ऊर भरून येतो.

पुढे 1965 मध्ये संरक्षणाच्या अभ्यासासाठी ‘आयडीएसए’ ही संस्था उभी राहिली. तिचं संचालकपद सांभाळलेले के. सुब्रह्मण्यम 1999 मध्ये कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष झाले.

सरकारांना उघडपणे बोलता येत नाही, तेव्हाही हीच मंडळी कामी येतात. 1991 मध्ये राजस्थानातल्या नीमराणा इथे भारत-पाकिस्तानचे निवृत्त राजदूत, सेनाधिकारी आणि अभ्यासक समोरासमोर बसले. अशा बैठकांत करार होत नाहीत. समोरचा कुठवर झुकेल याचा अदमास मात्र येतो.

2016 पासून परराष्ट्र मंत्रालय आणि ‘ऑब्झर्वर रिसर्च फाउंडेशन’ (ओआरएफ) हा थिंक टँक मिळून दिल्लीत रायसीना संवाद ही परराष्ट्र धोरणावरची परिषद भरवतात. मंत्रालयाशी जवळीक असली की माहिती लवकर मिळते. मात्र सरकारला खडे बोल सुनावणं जड जातं, आणि माझ्या मते ही किंमत लहान नाही.

(दृश्य : अमरावती रोड, नागपूर)

केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. 1923 पासूनचं विद्यापीठ आहे. कळमन्याचे अडते आहेत, ज्यांना सीमेवर ट्रक का अडतो ते तोंडपाठ असतं. या तिघांनी एकत्र बसून शेजारी देशांच्या शुल्कावर दरवर्षी अहवाल लिहावा, अगदी रोखठोक. आणि तोडणी सुरू होण्याआधी तो वाणिज्य मंत्रालयाकडे आणि ढाक्यातल्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे धाडावा.