खाज कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. कुत्रा खाजवू लागला की आपण प्रथम त्याच्या खाण्याला दोष देतो आणि मग साबण बदलतो. पण त्याही आधी खाज शरीराच्या कोणत्या भागावर आहे, हे पाहावे. असे का म्हणतो, हे आमच्या काळूच्या हकिगतीवरून कळेल.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले आमचे मूळ घर वर्षभर बंद असते आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीलाच उघडते. काही वर्षांपूर्वी आम्ही काळूला घेऊन तिथे उतरलो, तेव्हा पहिल्याच रात्री तो सोप्यावर गोल फिरून शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडू लागला. तिसऱ्या दिवशी तिथले केस गेले आणि कातडी लालभडक झाली. काकूंनी निदान केले, "नेवऱ्या बाधल्या." नेवऱ्या म्हणजे आमच्याकडच्या करंज्या. दुसऱ्या कोणी खतखत्याला, म्हणजे चवथीच्या मिश्र भाजीला दोष दिला. (कुत्र्याला गोडधोड घालू नये हे मलाही मान्य आहे; चवथीत आपण त्याचे पाहुण्यासारखे लाड करतो, ही खोडच आहे.) नेवऱ्या बंद झाल्या, खाज मात्र थांबली नाही.

गावातले पशुवैद्य आले, त्यांनी पांढरे फडके ओले करून जमिनीवर पसरले आणि काळूच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवून ती फडक्यावर झटकली. काळ्या केसांत न दिसलेले मिरपुडीसारखे कण फडक्यावर पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले. तो कचरा नव्हता, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेले रक्त. पण बंद घरात पिसवा आल्या कुठून? शोधता शोधता माळ्यावर जुन्या गोणपाटांत मांजर व्यालेल्याच्या खुणा सापडल्या. मांजर केव्हाच गेले होते, पण पिसवा कोषात कित्येक महिने दबा धरून राहतात आणि पावलांचा हादरा व अंगाची ऊब लागताच बाहेर पडतात. आम्ही दार उघडले, तेच त्यांना आमंत्रण ठरले.

म्हणून पुन्हा सांगतो, खाज कुठे आहे ते आधी पाहा. शेपटीचे मूळ आणि मागच्या मांड्या असतील तर पिसवांचा संशय घ्यावा. पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे असतील तर खरजेचा, आणि ती माणसालाही लागते. पंजे, तोंड व पोट असतील तर अ‍ॅलर्जीचा. ती खाण्याची आहे की नाही, हे डॉक्टरांनी नेमून दिलेला एकच आहार सुमारे 8 आठवडे दिल्यावरच कळते, दोन दिवस मासळी बंद करून नव्हे. कुत्र्यासाठी आणलेले पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध मांजराला मात्र चुकूनही लावू नये, ते त्याच्या जिवावर बेतते.

काळूवर उपचार झाले, गोणपाटे जाळली आणि घर झाडून काढले. तरी पुढचे काही आठवडे एखादी पिसू उडताना दिसेच, कारण कोष फुटायचे थांबले नव्हते. आता चवथीच्या आठ दिवस आधी माणूस पाठवून आम्ही माळा साफ करून घेतो. काकू मात्र अजूनही काळूसमोरून नेवऱ्यांचे ताट उचलून ठेवतात.