कोणासाठी किती थांबलो?

(शिक्षक-पालक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभा सुरू होण्याआधी एक पालक मला म्हणाले, "पूर्वग्रहांवर बोलायचं म्हणजे कुणाकडे तरी बोट दाखवणं आलंच." ही धास्ती मला समजते. पूर्वग्रह म्हटलं की डोळ्यांसमोर एखादा दुष्ट माणूस येतो, आपण तर दुष्ट नाही, मग विषय तिथेच संपतो. म्हणून मी आज सुरुवात सेकंदांपासून करते.

वर्गात आपण प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. किती वेळ? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांतलं ध्वनिमुद्रण ऐकून तो मोजला. साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळतात. पण मला हलवून गेलं ते पुढचं निरीक्षण. ज्या मुलांना शिक्षक हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जास्त थांबत. ज्यांना कच्चं समजत, त्यांच्यासाठी कमी. ज्याला वेळेची गरज, त्यालाच तो मिळत नव्हता. तीन सेकंद थांबायची सवय लावल्यावर उत्तरं लांबली, आणि कच्ची समजली जाणारी मुलंही बोलू लागली.

हे वाचल्यावर मी एका सहकारी बाईंना माझ्या वर्गात मागे बसवलं, हातात घड्याळ देऊन. एका मुलीच्या वेळी मी दरवेळी मान वळवत होते. ती बोलण्याआधी एकदा आवंढा गिळते, मग शब्द येतात. तेवढंही मी थांबत नव्हते. आणि तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, "अबोल आहे." तो शेरा माझ्या हातचा आहे, हे मी आजही विसरलेले नाही.

असा शेरा पुढच्या वर्गात मुलाच्या आधी पोचतो. रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकेतल्या संशोधकांचा शाळेतला प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील, असं म्हणून त्यांनी शिक्षकांना काही नावं दिली. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली. परिणाम किती मोठा, यावर पुढे बराच वाद झाला, तो व्हायलाही हवा. तरी शिक्षकांच्या खोलीत एखाद्या मुलाविषयी सहज बोलताना माझी जीभ आता अडखळते.

घरीही हेच चालतं. "त्याच्याबरोबर नको बसूस," एवढं एक वाक्य पुरतं. कारण सांगावं लागत नाही. मूल ते स्वतःच शोधून काढतं, आणि ते त्या दुसऱ्या मुलाच्या बोलण्यात, रंगात किंवा आडनावात शोधतं.

मुलांशी या विषयावर बोलताना एक चूक फार होते. ज्या मुलाला चिडवलं गेलं, त्यालाच उभं करून "तुला कसं वाटलं ते सांग" म्हणतात. त्याने सोसायचंही आणि वर सगळ्यांना शिकवायचंही? असं करू नका. त्यापेक्षा कामाची रचना बदला. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा जणांचे गट केले आणि धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाला दिला. त्या मुलाचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नव्हता. अडखळणाऱ्याला हसून भागत नव्हतं, त्याला नीट प्रश्न विचारावे लागत होते.

आता तुमच्यापुढे कोरे कागद आहेत. नाव घालू नका. गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही, एवढंच आठवून लिहा. दहा मिनिटं देते. ज्यांना जास्त वेळ लागेल त्यांच्यासाठी आपण थांबू.